गोल पिनचा टॅब

कुक्षीतल्या माझ्या दुकानात जुना टॅब घेऊन आलेला माणूस बहुतेक एकच विचारतो, "भैया, इसकी पिन मिल जाएगी?" पिन म्हणजे चार्जर. भिंतीत खोचायच्या डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायची चाल आमच्याकडे नाही. पिन आत गेली, दिवा लागला, की सौदा पुरा. दुकानदारालाही ते सोयीचं पडतं. पिन जुळवायला अर्धं मिनिट पुरतं. व्होल्ट जुळवायला चष्मा, मल्टिमीटर आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची तयारी, तिन्ही लागतात.

आमचं घर मूळचं धारचं. पूर्वज पवारांच्या पदरी कारकुनीला आले आणि माळव्याचेच होऊन गेले. घरात मराठी, दुकानात निमाडी मिसळलेली हिंदी. कुक्षी धार जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, नर्मदेच्या अलीकडे. गावाला रेल्वे नाही. केबली, अडॅप्टर, सुटे भाग सगळं इंदूरच्या जेल रोडवरून पार्सलने बसमधून येतं. त्यामुळे इथे वस्तू सहजासहजी भंगारात जात नाही. इंदुरात जो टॅब कधीच पोरांच्या खेळण्यात जमा झाला असता, तो इथे दहा-दहा वर्षं कामाला जुंपलेला दिसतो. बागच्या एका छपाईवाल्याचे ठशांचे सगळे नमुने अशाच एका टॅबमध्ये आहेत. व्यापारी आला की तो बोटाने एकेक फोटो सरकवत दाखवतो. गुजरातेत मजुरीला जाणारी भिलाला पोरं तिकडून सेकंडहँड टॅब आणतात, बिनचार्जरचे. २०२० साली शाळा बंद पडल्या, राज्य शिक्षण केंद्राने डिजिलेपचे धडे व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली, तेव्हा तर लोकांनी कपाटातून, ट्रंकेतून काय काय बाहेर काढलं! स्क्रीनला चरा, मागचं झाकण सुतळीने बांधलेलं, आणि चार्जर? तो हरवलेलाच.

टॅब बिघडण्याआधी चार्जर हरवतो. हा माझ्या धंद्यातला अलिखित नियम आहे.

आता या जुन्या टॅबांची जात समजून घ्यायला हवी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅब बाहेर काढला. डेटाविंड कंपनीचा, सरकारला सुमारे सव्वादोन हजारांना पडलेला. तो टॅब स्वतः फार चालला नाही, पण स्वस्त टॅबची हवा त्याने तयार केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत सात इंची चिनी टॅब निरनिराळ्या नावांनी इतके आले की नाव बघण्यात अर्थच राहिला नाही. आत पाटी तीच, बाहेर शिक्का वेगळा. यातल्या बऱ्याच टॅबना चार्जिंगसाठी बारीक गोल पिन असायची, बाहेरून अडीच मिलिमीटरची. शेजारी मायक्रो यूएसबीचं भोकही असायचं, पण ते फक्त फोटो-गाणी भरण्यापुरतं. त्यात मोबाइलचा चार्जर रात्रभर लावून ठेवला तरी बॅटरी भरत नाही. "टॅब डेड हो गया" म्हणून आलेल्या कितीतरी टॅबांना काहीच झालेलं नसतं. माणूस चुकीच्या भोकात चार्जर खुपसून बसलेला असतो.

गोल पिनच्या टॅबचं खरं दुखणं पुढेच आहे. पिन एकाच मापाची, पण एका टॅबला ५ व्होल्ट लागतात, दुसऱ्याला ९, आणि काही मोठ्या टॅबना १२. तिन्ही चार्जरांच्या पिना तिन्ही टॅबांत सुखाने बसतात. यूएसबीच्या जगात निदान एवढी शिस्त होती की साधा चार्जर म्हणजे ५ व्होल्ट. गोल पिनला शिस्त लावणारं कोणीच नव्हतं. ९ व्होल्टच्या टॅबला ५ व्होल्टचा चार्जर लावला तर तो चार्ज होत नाही, एवढंच. नुकसान काही नाही. उलटं केलं तर ५ व्होल्टसाठी बसवलेला चार्जिंगचा आयसी जातो, आणि जाताना कधी कधी सोबत बाकीच्यांनाही घेऊन जातो. म्हणून शंका असेल तेव्हा आधी कमी व्होल्टने बघायचं, हा आमचा रिवाज.

अँपिअरचं गणित याच्या बरोबर उलट चालतं, आणि तिथेच गिऱ्हाईक घाबरतं. "मेरे टॅब पे १.५ ए लिखा है, आप २ ए का दे रहे हो, जल जाएगा." नाही जळत. विहिरीत पाणी कितीही असो, मोट आपल्या मापानेच भरते. चार्जरवरचे अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा. किती ओढायचे ते टॅब ठरवतो. कमी अँपिअरच्या चार्जरला मात्र मरण. दोन अँपिअर मागणाऱ्या टॅबला अर्ध्या अँपिअरचा चार्जर लावला की एक तर चार्जर तापतो, नाहीतर व्होल्ट खाली बसतात आणि चार्जिंगचं चिन्ह लागतं-विझतं, लागतं-विझतं. व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. हे एवढं सांगायला मला दिवसातून जितका वेळ जातो तितक्यात दोन डिस्प्ले बसवून होतील.

आणि ध्रुव. जुन्या चार्जरच्या लेबलवर एक चिमुकलं चित्र असतं: मध्ये टिंब, भोवती अर्धवट गोल, दोन्हीकडे अधिक-उणे. पिनच्या मधल्या पोकळीत अधिक की बाहेरच्या नळीवर, ते त्या चित्रात सांगितलेलं असतं. टॅबमध्ये बहुतेक मध्येच अधिक असतं. बहुतेक, सगळीकडे नाही.

लेबल पुसलं असेल, किंवा चार्जरच नसेल, तर टॅब उघडतो. मागचं झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोडवलं की चपटी चंदेरी बॅटरी दिसते आणि तिच्यावर छापलेलं असतं: ३.७ व्होल्ट किंवा ७.४ व्होल्ट. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला जातो. ३.७ म्हणजे एक सेल. त्याला वरून ५ व्होल्ट पुरतात. ७.४ म्हणजे दोन सेल एकामागे एक, ते ८.४ पर्यंत न्यायचे तर बाहेरून ९ किंवा १२ लागणार हे उघड आहे. एकसेली बॅटरी असूनही ९ व्होल्ट मागणारे काही चिनी टॅब होते, म्हणून नुसत्या बॅटरीवर भरवसा न ठेवता जॅकजवळच्या आयसीचा नंबर भिंगातून वाचतो. तो ताडून बघितला की शंका राहत नाही. मग मार्करने टॅबच्या पाठीवर ठळक लिहितो, "५ व्होल्ट २ अँपिअर". पुढच्या वेळी हा टॅब माझ्याकडेच येईल असं थोडंच आहे.

हाटात एक चीज मिळते, तिच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. काळा, जड, चौकोनी अडॅप्टर. त्याला ऑक्टोपससारखे फुटलेले पाच-सहा प्रकारचे जॅक, आणि अंगावर सरकवायची कळ: ३, ४.५, ६, ७.५, ९, १२. लोक त्याला 'सबका चार्जर' म्हणतात. रेडिओसाठी, टेपसाठी तो चांगलाच होता. आत साधा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कंडेन्सर, बाकी काही नाही. व्होल्ट एका जागी धरून ठेवणारं त्यात कोणी नाही. एकदा एक मास्तर असा अडॅप्टर घेऊन आले. कळ ६ वर होती. ५ चा आकडाच नाही, म्हणून त्यांनी जवळचा निवडला. तर्क चुकीचा नव्हता. मी त्यांच्यासमोर मल्टिमीटरची टोकं जॅकला लावली. काटा नाही, आकडे आहेत आजकाल, ते सरकन नऊच्या घरात गेले. भार नसताना असा अडॅप्टर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त देतो. त्यात आमच्याकडे रब्बीत संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी बंद पडल्या की लाइनचे व्होल्ट चढतात. ते चढले की याचेही चढतात. मास्तर बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण कळ तर सहावरच आहे ना?" ते गणित शिकवतात. पटायला वेळ लागला.

सेट टॉप बॉक्स आणि वायफायच्या डब्यांचे अडॅप्टरही घराघरात पडून असतात. बरेच १२ व्होल्टचे. त्यांची पिन जाड असल्यामुळे टॅबात बसत नाही, हा देवाचा आशीर्वाद. पण जाडीची बारीक करून देणारं कन्व्हर्टर जेल रोडवर दहा रुपयांना मिळतं. मी ते ठेवत नाही.

कंपन्यांच्या महागड्या टॅबांचा घोळ निराळा. सॅमसंगच्या पहिल्या गॅलेक्सी टॅबला, २०१० च्या, आणि त्यानंतरच्या काही मॉडेलांना, रुंद चपटा तीस टाचण्यांचा जोड होता. ॲपलच्या सुरुवातीच्या आयपॅडलाही तीस टाचण्यांचाच, पण तो वेगळा. दिसायला भाऊ, एकमेकांत बसत नाहीत. दोघांनाही ५ व्होल्टच लागतात. तरी साधा मोबाइल चार्जर लावला की सॅमसंग बॅटरीवर लाल फुली दाखवतो आणि आयपॅड 'नॉट चार्जिंग' म्हणून रुसतो. गिऱ्हाइकाला वाटतं केबल खराब. दहातल्या पाच वेळा ती खराब असतेही. पण बाकीच्या वेळी गोष्ट यूएसबीच्या मधल्या दोन तारांची असते. चार तारांतल्या दोन वीज नेतात, दोन माहिती. चार्जर या माहितीच्या तारांवर एक खूण ठेवतो आणि टॅब ती खूण बघून ठरवतो की याच्याकडून किती ओढायचं. यूएसबीच्या २०१० च्या नियमात खूण अशी की दोन्ही तारा आतल्या आत जोडायच्या; मग उपकरण दीड अँपिअरपर्यंत घेऊ शकतं. सॅमसंगच्या त्या टॅबना दोन्ही तारांवर सुमारे १.२ व्होल्ट हवे असत. ॲपलला एका तारेवर २ आणि दुसरीवर २.७. खूण ओळखीची नसली की टॅब समजतो आपण कुणाच्या तरी कॉम्प्युटरला लागलो आहोत, आणि अर्ध्या अँपिअरवर गप्प बसतो.

कमी अँपिअरवर काय होतं? तिसऱ्या पिढीच्या आयपॅडची, २०१२ च्या, बॅटरी ४२.५ वॅट-तासांची होती. कंपनी त्याला १० वॅटचा अडॅप्टर देत असे. आयफोनबरोबरचा ५ वॅटचा ठोकळा लावला तर नुसत्या भागाकारानेच साडेआठ तास, आणि वाटेत उष्णतेत जाते ती वीज धरली तर त्याहून बरेच जास्त. मध्ये पोरगं त्यावर व्हिडिओ बघत असेल तर टक्के वर चढायच्या ऐवजी उतरतात. असा आयपॅड बिघडलेला नसतो, उपाशी असतो. आता बाजारातले बरेचसे चांगले चार्जर समोरचा कोण आहे ते ओळखून खूण बदलतात, त्यामुळे हा घोळ पुष्कळ कमी झालाय. जुना टॅब आणि जुनाच चार्जर अशी मोट बांधली की मात्र हमखास गाठ पडते.

ॲससचा २०११ चा ट्रान्सफॉर्मर टॅब एकदाच माझ्या टेबलावर आला, अलिराजपूरच्या एका कंत्राटदाराचा. त्याचा चार्जर ५ व्होल्टने सुरुवात करतो आणि टॅबने आपली ओळख पटवली की १५ व्होल्टवर चढतो. दिसायला यूएसबीचंच तोंड. मी हात जोडले आणि त्यांना मूळ चार्जरच शोधायला सांगितलं. प्रत्येक गोष्टीला जुगाड करायचा नसतो.

फास्ट चार्जरची भीतीही लोकांच्या मनात घट्ट बसलीय. डब्यावर ९ व्होल्ट, १२ व्होल्ट लिहिलेलं दिसतं आणि माझंच वाक्य मला ऐकवतात, "आप ही तो बोले थे नौ वोल्ट मत लगाना!" बरोबर आहे. पण क्वालकॉमचा क्विक चार्ज असो की यूएसबी पॉवर डिलिव्हरी, दोन्हीत चार्जर आधी पाचच व्होल्ट देतो. समोरच्या उपकरणाने त्याच्या भाषेत मागितले तरच वर चढतो. जुन्या टॅबला ती भाषा येत नाही. तो मागत नाही, म्हणून त्याला पाचच मिळतात. चांगल्या बनावटीचा फास्ट चार्जर मायक्रो यूएसबीच्या जुन्या टॅबला लावायला माझी हरकत नसते. 'चांगल्या बनावटीचा' या शब्दांवर जोर.

कारण वाईट बनावटीचे मी उघडून बघितले आहेत. साठ-सत्तर रुपयांचा पांढरा ठोकळा हातात घेतला की वजनावरूनच कळतं. आत काही नसल्यासारखा पोकळ लागतो. बंद करून, बाजूला ठेवून, कंडेन्सर उतरू देऊन मग चिरतो. आपल्या घरातल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टला जातं आणि सरळ केलेली ती वीज पहिल्या कंडेन्सरमध्ये साठते. एका बाजूला हे ३२५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला पोराच्या हातातला ५ व्होल्टचा टॅब. दोन्हींच्या मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि पाटीवर मोकळी सोडलेली पट्टी, एवढंच काय ते कुंपण. चांगल्या चार्जरात ती पट्टी चांगली कित्येक मिलिमीटर रुंद असते, कधी मध्ये पाटीला आरपार खाच कापलेली असते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये पिवळ्या टेपचे तीन वेढे. या ठोकळ्यात मी दोन्ही बाजूंची रेघ अर्ध्या मिलिमीटरवर आलेली पाहिलीय. टेपचा एक वेढा, तोही कडेला तोकडा. फ्यूजच्या जागी तांब्याची नुसती तार. दोन बाजूंना जोडणारा निळा कंडेन्सर खास सुरक्षेचा असावा लागतो. इथे रेडिओत लावतात तसला साधा बसवलेला. पावसाळ्यात कौलारू घरात, दमट भिंतीवर, तो ठोकळा काम करतो. वर्षभर करतो. मग एक दिवस करत नाही.

पत्र्याच्या पाठीच्या टॅबला चार्जिंगला लावून हात लावला की बारीक मुंग्या येतात, त्याबद्दल बायका हमखास विचारतात. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरातूनही त्या सुरक्षेच्या कंडेन्सरमधून नावापुरती वीज झिरपते, आणि तेवढ्याने अपाय होत नाही. झटका बसला, हात मागे घ्यावा लागला, तर तो चार्जर पुन्हा भिंतीत जाता कामा नये. यातला फरक मी दुकानात करून दाखवत नाही.

हे नुसतं आमच्या हाटातलं नाही. २०१३ साली चीनमध्ये चार्जरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्यांनंतर ॲपलने नकली अडॅप्टर परत घेऊन स्वस्तात खरा देण्याची योजना काढली होती. २०१६ साली यूएल या अमेरिकी तपासणी संस्थेने आयफोनचे नकली अडॅप्टर ४०० नग तपासले. सुरक्षेच्या प्राथमिक कसोटीला उतरले ते तीन. चारशेत तीन! जेल रोडवर पेटीतून चार्जर निवडताना हा आकडा माझ्या डोक्यात असतो.

आपल्याकडे २०१२ च्या आदेशाखाली पुढे अडॅप्टरनाही भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झाली. डब्यावर ब्यूरोचं चिन्ह, वर आयएस १३२५२, आता नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८ दिसू लागलंय, आणि खाली 'आर' नंतर आठ आकडी नंबर. चिन्ह छापायला काय, कोणीही छापतो. पण नंबर ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला की उत्पादकाचं नाव आणि वस्तू समोर येते. एका पेटीतल्या चार्जरांवर छापलेला नंबर मी घातला तर तो एलईडी दिव्यांच्या कारखान्याचा निघाला. ती पेटी मी परत केली. व्यापाऱ्याचं म्हणणं, "आज तक किसी ने चेक नहीं किया, भाऊसाहब." खरं असेल.

नंबर बघून घेतलेला दहा वॅटचा चार्जर मला विकावा लागतो दोन-अडीचशेला. समोर हाटात सत्तरचा. पहाटेपासून कापूस वेचून आलेल्या बाईला, टॅबची किंमतच पाचशे राहिली असताना, अडीचशेचा चार्जर घे म्हणायला जीभ जड होते. ती वेडी नाही. तिच्या हिशेबात सत्तर गेले तर सत्तर गेले. घर जळण्याची शक्यता तिने हिशेबात धरलेली नाही, पण अशी दूरची शक्यता कोण धरतं? मीही स्वतःच्या मोटरसायकलच्या टायरच्या बाबतीत धरत नाही. म्हणून मी दुसरा मार्ग काढलाय: लोक जुन्या फोनचे ओरिजिनल चार्जर माझ्याकडे टाकून जातात, ५ व्होल्ट २ अँपिअरचे, चांगल्या कंपन्यांचे. भार लावून तपासतो, तापतो का बघतो, आवाज करतो का ऐकतो, आणि शंभराला देतो. नव्या नकलीपेक्षा जुना अस्सल केव्हाही बरा. गोल पिनच्या टॅबसाठी त्यालाच एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला अडीच मिलिमीटरची पिन असलेली केबल लावून देतो. टॅब पाच व्होल्टचा आहे याची आधी खात्री करून.

केबलचं विचारूच नका. चार्जर चांगला, टॅब चांगला, मधली केबल केसासारखी. एक मीटरच्या केबलीत वीज जाऊन परत येते, म्हणजे दोन मीटर तांबं. २८ गेजच्या तारेत दोन अँपिअर वाहिले की वाटेतच पाऊण व्होल्टहून जास्त खर्ची पडतो. चार्जरपाशी पाच, टॅबपाशी सव्वाचारच्या आत. २४ गेजच्या तारेत हाच खर्च एक तृतीयांश व्होल्टवर येतो. जाड केबलीच्या अंगावर २४ हा आकडा बारीक छापलेला असतो, तो बघून घ्यावा. तीन मीटरची लांबलचक केबल खाटेपर्यंत येते म्हणून लोकांना आवडते. टॅबपर्यंत तिच्यातून काय पोचतं ते यूएसबी मीटर लावून दाखवलं की चेहरे उतरतात.

टाइप-सी आल्यावर हे सगळं मिटेल असं मला जेल रोडवरचे व्यापारी सांगतात. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन-टॅबना टाइप-सी बंधनकारक केलं, आपल्याकडेही मानक आलंय. तोंड एक झालं, हे खरं. पण टाइप-सीच्या सुरुवातीच्या स्वस्त टॅबांत दोन इवलेसे रेझिस्टर वाचवलेले असतात, ५.१ किलोओहमचे. ते नसले की दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलीवर टॅब चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर लगेच होतो. गिऱ्हाईक नवा महाग चार्जर माझ्या टेबलावर आपटतं, "ये तो नकली है." नकली नसतो. गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग २०१५-१६ मध्ये बाजारातल्या टाइप-सी केबली एकेक तपासून जाहीर करत होते. एका केबलीत अधिक-उणेच उलटे जोडलेले निघाले आणि त्यांचा महागडा लॅपटॉप तपासता तपासताच गेला. तोंड अगदी बरोबर बसलं होतं.

परवाच निसरपूरहून एक टॅब आलाय. २०१९ साली सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हा त्यांचं घर पाण्यात गेलं. त्या घराचे, ओट्यावरच्या लग्नाचे फोटो याच टॅबमध्ये, दुसरीकडे कुठे नाहीत. गोल पिनचा, सात इंची, नाव पुसलेलं. मुलाचं म्हणणं, चार्जर द्या, घरी नेऊन बघतो. टॅब टेबलावर ठेवला तर तो डुलत होता. मागचं झाकण मधोमध फुगलेलं. मी चार्जर दिला नाही. फुगलेल्या बॅटरीला कितीही अस्सल चार्जर लावला तरी त्याचा उपयोग काय? झाकण सोडवलं, बॅटरीच्या तारा जपून, एकेक करून सोडवल्या, टोकांवर टेप लावला आणि ती मागच्या अंगणात वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली. मग बॅटरीच्या जागी टेबलावरच्या पॉवर सप्लायचे ४ व्होल्ट जोडले. टॅब उठला. ज्या मायक्रो यूएसबीच्या भोकाला एरवी मी शिव्या देतो, त्यातूनच फोटो आधी पेन ड्राइव्हवर घेतले, मग मुलाच्या फोनमध्ये. बॅटरीवर ३५७०९० असं छापलं होतं: साडेतीन मिलिमीटर जाड, सत्तर रुंद, नव्वद लांब, ३.७ व्होल्ट. तेवढं जेल रोडला लिहून पाठवलंय. मुलाने पाच व्होल्टचा चार्जर बाजूला काढून ठेवायला सांगितलाय, पैसे मात्र बॅटरी आल्यावर देणार म्हणतो.